परवलीचा शब्द आणि किल्ली

विषयाला हात घालण्याआधी एका शब्दाबद्दल बोलतो. पासवर्डला मराठीत आपण ‘परवलीचा शब्द’ म्हणतो. संगणकाच्या परिभाषेतले बहुतेक मराठी शब्द नव्याने घडवावे लागले. ‘संगणक’ घडवावा लागला, ‘महाजाल’ घडवावं लागलं, आणि ते घडवूनही लोक कॉम्प्युटर आणि इंटरनेटच म्हणत राहिले. परवलीचा शब्द मात्र आपल्याकडे आधीपासून होता. छावणीच्या पहाऱ्यावर अंधारात कोणी आलं की पहारेकरी शब्द विचारायचा. आलेल्याला तो सांगता आला तर माणूस आपला, नाही तर परका.

या पद्धतीत मुळातच दोन उणिवा आहेत. एक म्हणजे, सांगितलेला शब्द बरोबर की चूक हे पहारेकऱ्याला कळायचं तर तो त्यालाही ठाऊक असायला हवा. म्हणजे गुपित एकाचं राहत नाही, दोघांचं होतं. पहारेकरी फितूर झाला की संपलं. दुसरी उणीव अशी की येणाऱ्याला तो शब्द उच्चारावाच लागतो. झुडपाआड दबा धरून बसलेल्याने तो ऐकला, की पुढच्या क्षणी तोही आपल्यातलाच होतो. म्हणून छावणीत हा शब्द वरचेवर बदलायचा रिवाज. आपण मात्र आपल्या ईमेलचा शब्द सात-सात वर्षं बदलत नाही, आणि तो बहुधा मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल असा असतो.

आज मला बोलायचं आहे ते या शब्दाच्या जागी आलेल्या किल्लीबद्दल. आणि तेही एका विशिष्ट दाराच्या संदर्भात. आपल्यापैकी बहुतेकांना हे दार कधीच दिसत नाही, पण त्यामागे आपलं बरंच काही ठेवलेलं असतं. एसटीचं आरक्षण, विजेचं बिल, दहावी-बारावीचा निकाल, गावच्या पतसंस्थेतलं खातं, हे सगळं कुठल्या तरी वातानुकूलित खोलीत चालू असलेल्या यंत्रांवर असतं. त्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. त्याला बहुधा पडदा नसतो, की-बोर्ड नसतो, समोर खुर्चीही नसते. त्याची देखभाल करणारा माणूस दुसऱ्याच गावी, नाही तर दुसऱ्याच देशात असतो. हिंजवडीतला मुलगा रात्रपाळीला बसून अमेरिकेतलं यंत्र दुरुस्त करतो ते असंच. तो आपल्या संगणकावर एक काळी चौकट उघडतो, दूरच्या यंत्राचं नाव टाकतो, आपण कोण ते सांगतो आणि आत जातो. आत गेल्यावर, आणि त्यातही ‘रूट’ या सर्वाधिकारी नावाने गेल्यावर, तो काहीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुसू शकतो. म्हणून ‘आपण कोण’ हे तो कसं सिद्ध करतो, याला महत्त्व.

बरीच वर्षं ते पासवर्डनेच सिद्ध केलं जात होतं. संगणकाच्या पासवर्डची कुळकथा अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेपासून सुरू होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांना वाटून वापरता येईल अशी व्यवस्था तिथे उभी केली. एकाच्या फायली दुसऱ्याने उघडू नयेत म्हणून पासवर्ड आले. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. त्याने काय करावं? सगळ्यांचे पासवर्ड ज्या फायलीत होते ती फाइलच छापून मागवली, आणि ती त्याला मिळाली. पुढे अनेक वर्षांनी त्याने स्वतःच हे सांगितलं. पहारेकऱ्याकडची यादी चोरली, की सगळ्यांचे शब्द एकदम हाती लागतात, हा धडा इतक्या लवकर मिळाला होता.

पुढे १९७९ मध्ये बेल लॅब्जमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोघांनी एक लेख लिहिला. लोक खरोखर कसले पासवर्ड ठेवतात हे पाहण्यासाठी त्यांनी ३,२८९ पासवर्ड गोळा केले होते. त्यांतले ८६ टक्के एक तर फार आखूड होते, नाही तर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सरळ सापडणारे होते. एकच अक्षर ठेवून निर्धास्त झोपणारे पंधरा महाभागही त्यांत होते. या गोष्टीचा उत्तरार्ध जास्त गमतीचा आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर एक स्वतःच पसरत जाणारा प्रोग्रॅम सुटला आणि हजारो यंत्रं त्याने ठप्प केली. आत शिरण्याच्या त्याच्या युक्त्यांपैकी एक होती पासवर्ड ओळखण्याची. त्यासाठी ४३२ शब्दांची यादीच त्याच्या पोटात होती. तो लिहिणारा कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस, म्हणजे त्या १९७९च्या लेखकाचा सख्खा मुलगा. वडील तेव्हा अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षेच्या कामात होते.

आता दुसरी उणीव, झुडपाआडच्या माणसाची. दूरच्या यंत्रात जायला त्या काळी टेलनेट नावाची सोय वापरत. तिच्यात आपण जे टाइप करू ते जसंच्या तसं तारेवरून जाई, पासवर्डसुद्धा. पोस्टकार्डावर पासवर्ड लिहून पाठवण्यासारखंच हे. मधल्या कुठल्याही यंत्रावर कान लावून बसलेल्याला तो वाचता येई. आणि कान लावून बसणारे होते. १९९४च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने जाहीर इशारा दिला होता, की असे कान लावून हजारो यंत्रांचे पासवर्ड गोळा केले जात आहेत. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच चोरी झाली. तिथल्या टाटू इलोनेन या संशोधकाने वैतागून स्वतःच एक पर्याय लिहायला घेतला आणि जुलै १९९५ मध्ये तो जगाला फुकट दिला. त्याचं नाव ‘सिक्युअर शेल’, म्हणजेच एसएसएच. योगायोग असा की त्यानंतर महिन्याभराने, १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ज्यांनी त्या वेळी ‘शेल अकाउंट’ घेतलं होतं त्यांना ती काळी चौकट आणि मोडेमची किरकिर आठवत असेल.

इंटरनेटवर प्रत्येक सेवेच्या दाराला क्रमांक असतो. फायली पाठवण्याचं दार २१, टेलनेटचं २३. इलोनेनने आपल्या सेवेसाठी मधला मोकळा असलेला २२ क्रमांक मिळेल का, असं विचारणारं एक साधं पत्र क्रमांक वाटणाऱ्या कार्यालयाला ईमेलने पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी तो मिळाला. ना अर्ज तीन प्रतींत, ना शिक्का. १९९५ संपेपर्यंत पन्नास देशांतले सुमारे वीस हजार लोक हे साधन वापरू लागले होते. पुढे इलोनेनच्या कंपनीने नव्या आवृत्त्यांच्या अटी कडक केल्या, तेव्हा ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी जुन्या मुक्त आवृत्तीवरून ‘ओपनएसएसएच’ तयार करून डिसेंबर १९९९ मध्ये सोबत दिलं. आज जगातल्या बहुतेक सर्व्हरांवर असतं ते हेच.

एसएसएचने पोस्टकार्डाचं बंद लखोट्यात रूपांतर केलं. मधल्याला आता काही वाचता येत नाही. पण लोकांचा एक समज इथेच चुकतो. रस्ता सुरक्षित झाला म्हणजे दार सुरक्षित झालं असं नाही. दारावरचा पहारेकरी अजूनही शब्दच विचारत असेल, तर कोणीही बंद लखोट्यातून हवे तितके शब्द पाठवून पाहू शकतो.

आणि पाठवतात. मी सर्व्हरांच्या देखभालीचं काम करतो, त्यामुळे दारावर कोण कोण येऊन गेलं याची नोंदवही रोज पाहतो. इंटरनेटवर एखादं नवं यंत्र उभं केलं आणि २२ नंबरचं दार उघडं ठेवलं, की काही तासांतच ठोठावणं सुरू होतं. मग ते दिवसरात्र चालतं. कुठली कुठली नावं घेऊन लोक येतात! रूट, ॲडमिन, टेस्ट, गेस्ट, ओरॅकल. ‘पाय’ हे नाव हमखास असतं. रास्पबेरी पाय नावाचा हातात मावणारा संगणक आहे, त्याचं ठरावीक नाव ‘पाय’ आणि पासवर्ड ‘रास्पबेरी’ असायचा. निर्मात्यांनी २०२२ मध्ये ही ठरावीक जोडी काढून टाकली, पण ठोठावणारे अजून ती म्हणून पाहतातच. ठोठावणारे म्हणजे माणसं नव्हेत. हे प्रोग्रॅम असतात, आणि बहुतेक वेळा तेही आधी कोणाच्या तरी फोडलेल्या यंत्रावरून चालत असतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या अशा प्रोग्रॅमने घराघरांतले इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर टेलनेटच्या जुन्या दाराने ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या जेमतेम साठेक जोड्या होत्या. तेवढ्या पुरल्या. त्या कॅमेऱ्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ला डिन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं अमेरिकेत काही तास उघडेनात.

‘आमच्या एवढ्याशा संस्थेत कोणाला काय रस असणार?’ हे वाक्य मी किती ठिकाणी ऐकलं असेल. गल्लीत शिरलेला भुरटा प्रत्येक दाराची कडी हलवून पाहतो. आत कोण राहतं हे त्याला ठाऊक नसतं आणि त्याची त्याला फिकीरही नसते. जी कडी निघते ते त्याचं घर.

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था आहे. नाव सांगत नाही. तिथे मला बोलावणं आलं ते सगळं होऊन गेल्यावर. सकाळी कारकून आले तर हिशेबाच्या सगळ्या फायली कुलूपबंद, आणि खंडणी मागणारा इंग्रजी मजकूर पडद्यावर. पासवर्ड संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल असा होता. तो काउंटरमागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेला होता, पण चोराला कॅलेंडर पाहायला यावं लागलं नाही. नोंदवहीत तीन रात्री ओळीने ‘फेल्ड पासवर्ड’ अशा नोंदी होत्या, पानंच्या पानं. चौथ्या रात्री दोन वाजून काही मिनिटांनी एकच ओळ वेगळी होती: ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड’. हिशेबांची राखीव प्रत होती, पण तीही त्याच यंत्रावर. त्यानंतर कित्येक आठवडे संस्थेच्या दारात खातेदारांची रांग लागत होती, पासबुकं घेऊन. पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांनी आपल्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती आणल्या आणि त्यांवरून रोजचे वीस-पन्नास रुपये पुन्हा मांडले गेले. एका भाजीवाल्या मावशींचं पासबुक पावसात भिजलेलं होतं. ‘माझं पोरीच्या लग्नाचं आहे हो त्यात,’ एवढंच त्या म्हणत होत्या. एजंटाच्या वहीमुळे त्यांचे पैसे सापडले. सगळ्यांचेच सापडले असं मला सांगता येणार नाही.

या पतसंस्थेच्या यंत्रावर पासवर्ड चालतच नसता, फक्त किल्ली चालली असती, तर त्या तीन रात्रींचं ठोठावणं फुकट गेलं असतं. ही किल्ली म्हणजे काय ते आता सांगतो.

पुष्कळ ठिकाणी ही गोष्ट बँकेच्या लॉकरच्या दोन किल्ल्यांचं उदाहरण देऊन समजावतात. मला ते पटत नाही. लॉकर उघडायला दोन्ही किल्ल्या एकाच वेळी लागतात. इथे तसं नाही. इथे दोन फायली एकदम जन्माला येतात. इंग्रजीत दोघींनाही ‘की’ म्हणतात, पण माझ्या मते एक कुलूप आहे आणि दुसरी किल्ली. कुलूप हवं तितक्या दारांना लावा, चारचौघांत दाखवा, त्याने काही बिघडत नाही. पुष्कळ प्रोग्रॅमर आपलं हे कुलूप जाहीरच ठेवतात. किल्ली मात्र आपल्या संगणकाबाहेर कधी जात नाही. दाराशी गेल्यावरसुद्धा ती दाखवायची नसते. ती आपल्याकडे आहे एवढंच सिद्ध करायचं असतं.

न दाखवता सिद्ध कसं करायचं? जुन्या पत्रांवरच्या मुद्रेची आठवण करा. मुद्रा कोणाची हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ओळखता येई, उमटवता मात्र ज्याच्या ताब्यात ती असे त्यालाच येई. मुद्रेची नक्कल करणारे कारागीर निघत, हा भाग वेगळा. इथे कारागिराच्या जागी गणित आहे. रेडिओवर हे गणित सांगताना मला जरा धाकधूक होती. छापील पानावर ते सोपं जाईल, कागद-पेन्सिल घ्या.

माझं कुलूप म्हणजे ३३ आणि ३ हे दोन आकडे. ते सर्व्हरला ठाऊक आहेत, चोरालाही ठाऊक आहेत. माझी किल्ली म्हणजे ७ हा आकडा, तो फक्त मला ठाऊक. मी दाराशी गेल्यावर सर्व्हर म्हणतो, ‘४ या आकड्यावर सही करून दाखव.’ मी चाराला चाराने गुणत सात चार एकत्र गुणतो. उत्तर येतं १६,३८४. त्याला ३३ने भागतो आणि बाकी ठेवतो, ती येते १६. मी सर्व्हरला १६ कळवतो. सर्व्हर काय करतो? सोळाचा घन, म्हणजे ४,०९६. त्याला ३३ने भागलं की बाकी उरते ४. त्याने विचारलेलाच आकडा परत आला. म्हणजे सात हा आकडा माझ्याकडे आहे हे त्याला कळलं, पण सात हा आकडा मी उच्चारला नाही आणि त्याच्याकडे तो कधीच नव्हता. पहारेकरी फितूर झाला, त्याची यादीच्या यादी चोरीला गेली, तरी चोराच्या हाती फक्त कुलुपं लागतात.

आता चोराला सात कसा शोधता येईल? ३३ म्हणजे ३ गुणिले ११, हे त्याला कळलं पाहिजे. त्या दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार केला की २० येतात, आणि ३ला कशाने गुणलं असता २०ने भागून १ उरेल ते पाहिलं की ७ सापडतो. तेहतिसाचे अवयव तिसरीतला मुलगाही पाडील. पण खऱ्या व्यवहारात ३३च्या जागी ६१७ अंकी किंवा त्याहून मोठी संख्या असते. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणं संगणकाला क्षणाचं काम आहे. उलट जाऊन ते दोन अवयव शोधणं मात्र आजच्या यंत्रांना झेपत नाही.

हा विचार स्टॅनफर्डच्या व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडला. वर सांगितलेला हिशेब १९७७ मध्ये एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी बसवला, म्हणून त्याचं नाव आरएसए. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात १२९ अंकी एक संख्या देऊन वाचकांना तिचे अवयव पाडण्याचं आव्हान दिलं होतं. बक्षीस शंभर डॉलर. ते कोडं सुटलं १९९४ मध्ये, इंटरनेटवरून जमलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी आठ महिने आपापली यंत्रं राबवल्यावर. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी संख्येपर्यंत मजल गेली. या शोधाला एक चुटपुट लावणारी कडाही आहे. ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन खात्यातल्या जेम्स एलिस यांना ही कल्पना १९७०लाच सुचली होती आणि तिथल्याच क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्ये तिचं गणितही बसवलं होतं. पण सगळं गोपनीय. सरकारने ते डिसेंबर १९९७ मध्ये उघड केलं. एलिस त्याच्या काही आठवडे आधीच वारले होते.

व्यवहारात हे करायला गणित यावं लागत नाही. एसएसएच-कीजेन नावाची एक आज्ञा दिली, की जोडी तयार होते. हल्ली आरएसएपेक्षा वेगळ्या आणि छोट्या पद्धतीची जोडी बनते, नाव ईडी२५५१९, तत्त्व तेच. कुलपाची एक ओळ सर्व्हरवरच्या एका फायलीत चिकटवायची. दर माणसामागे एक ओळ. आणि खऱ्या व्यवस्थेत सही चारसारख्या आकड्यावर नसते. दर जोडणीला नवी तयार होणारी एक खूण असते, तिच्यावर असते. कालची सही चोरून आज चालवता येत नाही.

या ‘दर माणसामागे एक ओळ’चं महत्त्व मला सुरक्षेइतकंच वाटतं. पासवर्ड सामायिक असतो. एक माणूस नोकरी सोडून गेला की सगळ्यांचा बदलावा लागतो, म्हणून कोणी बदलत नाही. किल्ल्या असतील तर त्याची एक ओळ पुसायची, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. आणि नोंदवहीत ‘रूट आला’ एवढंच न उरता कोणाच्या किल्लीने आला तेही उरतं. चौकशीची वेळ आली तर निरपराध माणसाला त्याचा आधार होतो. ज्या कचेरीत नऊ जणांना एकच पासवर्ड ठाऊक आहे, तिथे संशय नेहमी सगळ्यांत कमी पगाराच्या माणसावर जातो, हे मी पाहिलं आहे.

किल्लीचीही दुखणी आहेत, ती लपवण्यात अर्थ नाही. पहिलं दुखणं म्हणजे माणसं किल्ली वाटतात. ‘जरा तुझी फाइल व्हॉट्सॲप कर ना,’ असं म्हणून खासगी किल्ली या फोनवरून त्या फोनवर गेलेली मी पाहिली आहे. मग ती किल्ली राहत नाही, पुन्हा सामायिक पासवर्डच होतो. नव्या माणसाला आत घ्यायचं तर त्याने आपली जोडी आपल्या संगणकावर बनवावी आणि कुलूप तेवढं पाठवावं. दुसरं, लॅपटॉप चोरीला जातो. त्यासाठी किल्लीच्या फायलीला स्वतःचा एक परवलीचा वाक्यांश लावता येतो. म्हणजे शब्दाने पुन्हा डोकं वर काढलंच की, असं कोणी म्हणेल. फरक असा, की हा शब्द तारेवरून जात नाही आणि सर्व्हरला तो ठाऊक नसतो. लॅपटॉप हातात असलेल्यालाच तो उपयोगी.

तिसरं दुखणं खोलातलं आहे. जोडी बनवताना संगणकाने खरोखर आंधळेपणाने आकडा निवडला पाहिजे. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात २००६ मध्ये एका दुरुस्तीच्या नादात आकडे निवडणाऱ्या भागातली एक महत्त्वाची ओळ काढली गेली. मे २००८ मध्ये लुचानो बेलो यांच्या ते लक्षात आलं. तोवर दीड वर्षाहून अधिक काळ त्या यंत्रांवर बनलेल्या किल्ल्या एकेका प्रकारात फक्त ३२,७६७ तऱ्हांच्याच निघत होत्या. चोराने तेवढ्या सगळ्या घडवून जुडगा खिशात ठेवला की झालं. जगभरच्या व्यवस्थापकांना जुन्या किल्ल्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या.

आणि चौथं, जे मला रोज भेटतं: साठलेल्या ओळी. दहा वर्षं चाललेल्या सर्व्हरची ती फाइल उघडली तर तीस-चाळीस कुलुपं सापडतात. त्यांतली निम्मी कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पुसलं तर काही तरी बंद पडेल या भीतीने कोणी पुसत नाही. किल्लीला आपोआप मुदत नसते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१५ मध्ये या किल्ल्यांच्या व्यवस्थापनावर एक मार्गदर्शक प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत टाटू इलोनेन स्वतः होते, म्हणजे वीस वर्षांनी आपणच वाटलेल्या कुलुपांची मोजदाद करायला ते बसले होते.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप कुठल्याही किल्लीने मिटत नाही. पहिल्यांदा एखाद्या सर्व्हरला जोडताना पडद्यावर प्रश्न येतो: हे यंत्र ओळखीचं नाही, याचा ठसा अमुक आहे, पुढे जायचं का? लोक ठसा न वाचता ‘येस’ टाइप करतात. आपण कोण हे सिद्ध करायला इतका खटाटोप, आणि समोरचा कोण हे विचारायचं नाही! गिटहब या मोठ्या सेवेने २४ मार्च २०२३ला आपल्या सर्व्हरची आरएसए ओळख-किल्ली बदलली, कारण ती काही वेळ सार्वजनिक ठिकाणी उघडी पडली होती. त्या दिवशी जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या पडद्यांवर ‘यंत्राची ओळख बदलली आहे’ असा मोठा इशारा झळकला. कितीकांनी तो वाचला असेल!

आणि खुद्द चौकटीलाच कोणी हात घातला तर? २०२४च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने आत जायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं. त्याने पाठपुरावा केला, तेव्हा एक्सझेड नावाच्या एका सहायक प्रोग्रॅममध्ये कोणी तरी चोरदरवाजा बसवलेला सापडला. तो जगभर पसरण्याआधीच बंद झाला. गंमत अशी, की चोरदरवाजा बसवणाऱ्यानेही पासवर्डवर विश्वास ठेवला नव्हता. तो दरवाजा फक्त त्याच्या स्वतःच्या खासगी किल्लीने उघडणार होता.

हे सगळं तज्ज्ञांपुरतं आहे असं समजू नका. हेच गणित आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीच्या रूपाने आणलं. कंपन्यांची विवरणपत्रं, ई-निविदा, ग्रामपंचायतीची देयकं यांसाठी जी पेनड्राइव्हसारखी वस्तू संगणकाला लावतात, तिच्यात खासगी किल्लीच असते. आणि ती कुठे असते? हिशेबनिसाच्या खणात, रबरबँड लावलेल्या गठ्ठ्यात, प्रत्येकीवर पिन चिकटवून. सरपंचबाईंची सही कॉम्प्युटर ऑपरेटरकडे. कायद्याच्या दृष्टीने ती किल्ली लावून झालेली सही त्या बाईंचीच असते, त्यांनी ती वस्तू डोळ्यांनी पाहिली नसली तरी. बाईंनो, ती आपल्या पर्समध्ये ठेवा. देयक असेल तेव्हा स्वतः जाऊन लावा, पाच मिनिटं जातील.

ज्यांच्या हाताखाली एखादा सर्व्हर आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगतो. किल्ली बसवून झाली म्हणजे काम संपत नाही. सर्व्हरच्या मांडणीत ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन’ अशी एक ओळ असते, तिथे ‘नो’ लिहिल्याशिवाय जुनं दार उघडंच राहतं. बऱ्याच ठिकाणी किल्ली असूनही ही ओळ बदललेली नसते, आणि मग किल्लीचा काही उपयोग नाही. काही यंत्रांवर हीच ओळ दुसऱ्या एखाद्या फायलीतही असते आणि तीच लागू होते, म्हणून बदल झाल्यावर पासवर्डने आत जायचा प्रयत्न स्वतः करून पाहा. तो फसला पाहिजे. बदल करताना एक जोडणी उघडी ठेवा आणि दुसऱ्या चौकटीतून किल्लीने आत जाता येतं ना, हे पाहिल्यावरच पहिली बंद करा. नाही तर आपलेच यंत्र आपल्याला आत घेत नाही आणि शनिवारी रात्री कोणाला तरी त्या वातानुकूलित खोलीपर्यंत जावं लागतं.

आणि राखीव किल्ली बनवा. त्या पतसंस्थेत नंतर आम्ही तसं केलं. दोन जणांच्या दोन जोड्या रोजच्या कामासाठी. तिसरी जोडी वाक्यांश लावून पेनड्राइव्हवर, तो लाखबंद पाकिटात, पाकीट जिल्हा बँकेच्या लॉकरमध्ये. वाक्यांश वेगळ्या पाकिटात, अध्यक्षांकडे. कोणी, कोणाच्या समक्ष आणि कोणत्या कारणासाठी ती पाकिटं फोडायची याचा ठराव संचालक मंडळाच्या इतिवृत्तात नोंदवला आहे. सचिवांनी एक सूचना केली ती मला आवडली: दर वर्षी लेखापरीक्षणाच्या वेळी पाकिटावरची लाख तपासायची, आणि त्याच दिवशी सर्व्हरवरच्या ओळी मोठ्याने वाचून प्रत्येक ओळीपुढे माणसाचं नाव लिहायचं. ज्या ओळीपुढे नाव लिहिता येणार नाही, ती तिथेच पुसायची.